जूनमधलं बर्लिन आवडलं, म्हणून ठाणं सोडावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना एका कंसापाशी अडकले.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही कोलशेतला राहता. नवरा आयटीत आहे आणि त्याला बर्लिनहून वर्षाला ६८ हजार युरोंची ऑफर आली आहे. मुलगी पाच वर्षांची. सासूबाई ७१ वर्षांच्या, डोंबिवलीत एकट्या असतात. तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्ट, पाचपाखाडीत आठ वर्षं स्वतःचं क्लिनिक. जूनमध्ये तिघं नऊ दिवस बर्लिनला जाऊन आलात, शहर मनापासून आवडलं आणि आता जावं की नाही हे ठरत नाहीये. पगार, शाळा, भाडं, थंडी, सासूबाई या सगळ्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंय. स्वतःबद्दल मात्र एकच ओळ, तीही कंसात: ‘मी तिकडे गेल्यावर काहीतरी बघेन.’

मी एकोणीस वर्षं ऐरोलीतल्या एका कंपनीत लोकांना परदेशी पाठवण्याचं काम केलं. व्हिसा, घर, मुलांच्या शाळा आणि ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते परत येणाऱ्यांचं बस्तान, हे सगळं. आता वाशीत बसून हाच सल्ला स्वतंत्रपणे देते. त्याच्याही आधी तीन वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रँकफुर्टजवळच्या एका गावात राहिले. मीही तिकडे गेल्यावर काहीतरी बघणार होते. म्हणून तो कंस मला दिसला.

आधी तुमच्या सहलीबद्दल. टेम्पलहोफच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर मुलीने सायकल चालवली आणि ‘आपल्याकडे हे कधीच होणार नाही’ असं तुम्हाला वाटलं, हे तुम्ही लिहिलंय. खरंच आहे ते. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, २०१० मध्ये तो लोकांसाठी मोकळा केला आणि शहराच्या मधोमध एवढी जागा अजूनही तशीच आहे. ही गोष्ट कुणालाही आवडेल, मलाही आवडते. पण तुम्ही मनात जी तुलना करताय ती सुट्टीतल्या बर्लिनची आणि सोमवारी सकाळच्या घोडबंदर रोडची आहे. ही तुलना ठाण्यावर अन्याय करणारी आहे. उलटी करून बघा. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला चक्कर, गडकरीला नाटक, घरी येताना राम मारुती रोडवर काहीतरी खाणं. आणि समोर बर्लिनचा नोव्हेंबरातला मंगळवार. नवरा आठला गेलाय, मुलगी शाळेत, बाहेर करडं आभाळ आणि बारीक भुरभुर पाऊस, घड्याळात अकरा. त्या अकरा वाजता तुम्ही काय करताय?

निर्णय त्या अकरा वाजताच्या उत्तरावर घ्या, असं माझं मत आहे. नवऱ्याला तिथे पहिल्या दिवसापासून टेबल, लॅपटॉप, सहकारी आणि दुपारच्या जेवणाला सोबत मिळते. मुलीला शाळा मिळते. पाच-सहा वर्षांची मुलं वर्षभरात भाषा कशी उचलतात ते बघून आपल्यालाच लाज वाटते. घरातल्या ज्या माणसाला तिथे बसायला जागा नाही, तो माणूस कसा राहील त्यावर बाकीचे दोघं किती दिवस टिकतील ते ठरतं. मी ज्यांना पाठवलं त्यांच्यातले जे ठरल्यापेक्षा लवकर परतले, त्यांत नोकरी न जमल्यामुळे आलेले फार थोडे. बहुतेक घरं घरातच विस्कटली होती.

आता तुमच्या व्यवसायाचं बघू, कारण इथेच तुमचं उत्तर दडलंय. जर्मनीत सॉफ्टवेअरवाल्याला पदवी आणि पगाराचा आकडा पुरतो, काम इंग्रजीत चालतं. फिजिओथेरपी तिथे परवाना लागणारा पेशा आहे. तुमच्या पदवीला तिथल्या सरकारी खात्याकडून मान्यता घ्यावी लागते, तिला ‘अनर्केनुंग’ म्हणतात. ते तुमचे विषय आणि तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. काही कमी पडलं तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. शिवाय जर्मन भाषा बी-टू पातळीची हवी. बी-टू म्हणजे भाजी घेण्यापुरती भाषा नव्हे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना ‘खुब्याच्या आतल्या बाजूला दुखतं की बाहेरच्या’ हे विचारता यावं आणि त्यांनी बर्लिनच्या बोलीत पुटपुटलेलं उत्तर कळावं, ती भाषा. शून्यापासून तिथवर जायला सहाशे-सातशे तासांचा वर्ग आणि त्याहून जास्त घरचा अभ्यास धरा. नोकरी-घर सांभाळून सव्वा ते दीड वर्ष.

यातली चांगली बाजू अशी की तिथे फिजिओथेरपिस्टची टंचाई आहे. मान्यता मिळाली की काम मिळण्याची काळजी तुम्हाला नवऱ्यापेक्षा कमी असेल. नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यावर गेला तर जोडीदार म्हणून तुम्हाला जाण्याआधी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही आणि काम करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असते. मात्र ‘परीक्षा लागत नाही’ या सवलतीने मी अनेकींचं नुकसान झालेलं पाहिलंय. लागत नाही म्हणून इथे शिकत नाहीत, आणि तिथे पोचल्यावर घर, शाळा, कागदपत्रं यातच पहिलं वर्ष निघून जातं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगणार नाही. पाचपाखाडीत पेशंट थेट तुमच्याकडे येतो. ‘मॅडम, मान धरलीये’ म्हणतो, तुम्ही तपासता, तुम्हीच ठरवता. तिथे बहुतेक पेशंट डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर किती बैठका ते लिहिलेलं असतं आणि एका बैठकीला साधारण वीस मिनिटं मिळतात. आठ वर्षं स्वतःच्या नावाची पाटी लावून बसलेल्या बाईला हे किती बोचेल, ते तुम्हीच सांगू शकाल. खारघरच्या एका मुलीला अजिबात बोचलं नाही. ती म्हणाली, भाडं, रिसेप्शनिस्ट, पेशंटचे उधार पैसे, सगळी कटकट सुटली, चारला घरी येते. दुसरी एक वर्षभर वर्ग करून, परीक्षेच्या तोंडाशी येऊन परत आली. दोघींची पदवी सारखीच होती.

पैशाचं पटकन उरकते, कारण त्यावर तुम्ही बराच अभ्यास केलेला दिसतो. फक्त एक दुरुस्ती. तुम्ही ६८ हजारांना रुपयांनी गुणून आनंदी झालात, तसं करू नका. तुम्ही दोघं तिथे एकत्र राहत असाल आणि नवऱ्याला करवर्ग तीन (जोडप्यातल्या जास्त कमावणाऱ्याचा, कमी कर कापणारा वर्ग) मिळाला, तर विमा, पेन्शन, कर जाऊन महिन्याला ढोबळमानाने ३८०० ते ३९०० युरो हातात येतील. तो एकटा असेल तर वर्ग एक, म्हणजे हातात त्याहून काही शे युरो कमी. आज नव्याने घर शोधणाऱ्याला तीन खोल्यांसाठी सोळाशे ते एकोणीसशे युरो मोजायची तयारी हवी. त्यांचं तीन खोल्यांचं घर म्हणजे आपलं टू बीएचके, हॉलही ते खोलीत मोजतात. तुमचं आणि मुलीचं आजारपण त्याच्या सरकारी विम्यात वेगळे पैसे न भरता येतं, मुलीसाठी सरकारकडून दरमहा अडीचशेच्या वर युरो मिळतात. भागतं, नीट भागतं. पण तुमच्या क्लिनिकचं उत्पन्न शून्य धरल्यावर आणि वर्षातून एकदा तिघांची मुंबईची तिकिटं काढल्यावर ठाण्यातल्यापेक्षा शिल्लक फार पडेल असं मला वाटत नाही. पैशासाठी जात असाल तर हे आकडे पुरेसे नाहीत. दुसऱ्या कशासाठी जात असाल तर पैसा आड येणार नाही.

घराचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही नऊ दिवस ज्या फ्लॅटमध्ये राहिलात तो पाहुण्यांसाठी सजवलेला होता. भाड्याचं खरं घर बऱ्याचदा उघडं मिळतं. आमच्या पहिल्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं नळाचं तोंड, फरशीवर आधीच्या कपाटाचे चौकोनी डाग आणि छताला लोंबणारी वायरींची तीन टोकं. ओटा नाही, सिंक नाही, दिवासुद्धा नाही. आधीचे भाडेकरू ओट्यासकट गेले होते. तीन आठवडे मी इस्त्रीच्या टेबलावर एक विजेची शेगडी ठेवून भात लावला आणि भांडी बाथटबमध्ये घासली. सोडताना मालकाने खिडक्यांचे पडदे नीट पुसले नाहीत म्हणून डिपॉझिटमधले चारशे युरो कापले, ते मला अजून झोंबतं. (डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, कायदाच आहे. सोडताना परत मिळवणं हे वेगळं शास्त्र आहे.) बर्लिनमध्ये आता घर मिळणं त्याहून कठीण झालंय. सुरुवातीला फर्निचरसकट तात्पुरतं घर घ्या आणि तिथे पत्ता नोंदवायला मालक चिठ्ठी देईल ना, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि करक्रमांकापासून पुढचं सगळं त्या नोंदीवर अवलंबून असतं.

सासूबाईंबद्दल तुम्ही ‘त्यांना नंतर घेऊन जाऊ’ असं लिहिलंय. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. भेटीला त्या नव्वद दिवस येऊ शकतात, प्रवासविमा काढून. कायमचं न्यायचं तर त्यांच्या वैद्यकीय विम्याची सोय दाखवावी लागते. नवऱ्याच्या विम्यात बायको-मुलं येतात, आई येत नाही आणि ७१व्या वर्षी परवडेल असा विमा मिळणं हीच मुख्य अडचण आहे. तेव्हा ‘नंतर’ हे गृहीत धरून निर्णय घेऊ नका. त्या डोंबिवलीतच राहणार असं धरा आणि मग बघा पटतंय का. एक बारीक हिशेब करून ठेवा. हिवाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत साडेचार तासांचा फरक असतो. नवरा संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघून फोन लावेल तेव्हा डोंबिवलीत साडेदहा वाजलेले असतील आणि त्या झोपलेल्या असतील. म्हणजे फोन त्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करावा लागणार. हे आधी ठरवलेली घरं टिकतात, हे मी गमतीने म्हणत नाही. आणि रात्री दोनला पडल्याचा फोन आला तर पाच मिनिटांत पोचणारं माणूस कोण, त्याचं नाव आज कागदावर लिहिता येतंय का ते बघा. लिहिता येत नसेल तर जाण्याआधीचं पहिलं काम ते.

अर्थात माझं सगळं उत्तर तीन गोष्टींवर बदलू शकतं. तुम्हाला क्लिनिकचा खरंच कंटाळा आला असेल आणि तो तुम्ही प्रश्नात लिहिला नसेल, तर कंस पुसून टाका आणि निघा. नवऱ्याची इथली नोकरी डळमळीत असेल तर हिशेब वेगळा. आणि सासूबाईंना जवळ राहणारी नणंद किंवा दीर असेल, तर वरचा परिच्छेद निम्म्याने हलका होतो. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी नाही असं धरून चाललेय.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते. नवऱ्याने आधी एकट्याने जावं. तिथे नोकरीचे पहिले सहा महिने सहसा चाचणीचे असतात. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनी त्याला किंवा तो कंपनीला सोडू शकतो. क्लिनिक बंद करून, मुलीची शाळा सोडवून, सामान विकून तिघं गेलात आणि पाचव्या महिन्यात हे झालं तर परतीचा खर्च फक्त तिकिटांचा नसतो. त्या सहा महिन्यांत तुम्ही ठाण्यात राहून, क्लिनिक चालू ठेवून बी-वनपर्यंत, म्हणजे बी-टूच्या एक पायरी खालपर्यंत, पोचायचा प्रयत्न करा. मॅक्स म्यूलर भवनाचे वर्ग ऑनलाइनही असतात, दुपारी पेशंट नसतात त्या वेळात बसवता येतील. याची किंमत आहे, तीही सांगते. त्या काळात नवऱ्याचा कर वर्ग एकमध्ये कापला जाईल, दोन घरांचा खर्च होईल आणि मुलगी रोज रात्री बाबा कुठे म्हणून विचारेल. काही जोडप्यांना हे झेपत नाही, ती एकत्र जातात, आणि त्यांचंही बरं चालतं. पण तुमच्याकडे इथे स्वतःचं चालतं क्लिनिक आहे. ते एकदा मोडलं की परत उभं करायला पाटी लावणं पुरत नाही.

आणि नोव्हेंबरात परत एकदा जा. दोनच आठवडे, तुम्ही आणि मुलगी. संग्रहालयं नाहीत, टीव्ही टॉवर नाही. नवऱ्याच्या तात्पुरत्या घरी राहा. सकाळी तो गेला की मुलीला घेऊन बसने दुकानात जा, रोजचं सामान आणा, चार मजले चढा, जेवण करा. त्या दिवसांत सूर्य चारच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात तर चारच्या आतच, आणि तेव्हा सकाळी आठ-सव्वाआठपर्यंत उगवत नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊला तुम्ही ज्या उजेडात आइस्क्रीम खाल्लं, तोच रस्ता पाच वाजता काळाकुट्ट असेल. रविवारी दुकानं बंद असतात हे जूनमध्ये तुम्हाला ‘किती शांत’ वाटलं होतं, घरातलं दूध संपल्यावर काय वाटतं ते बघा. एखाद्या फिजिओ क्लिनिकला आधी ईमेल करून अर्धा दिवस बसून काम बघता येईल का, ते विचारा. त्या अर्ध्या दिवसात तुम्हाला जे कळेल ते मी आणखी दहा पानं लिहून सांगू शकणार नाही. या भेटीनंतरही शहर आवडलं, तर मग ते खरंच आवडलं.

जायचं ठरलंच तर इथला फ्लॅट विकू नका, निदान पहिली दोन-अडीच वर्षं. ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, नवऱ्याची भाषा बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. तोच तुमचा थांबून विचार करायचा टप्पा. मुलगी तेव्हा दुसरी-तिसरीत असेल आणि माझ्या अनुभवात तिथवर मुलं ठाण्याच्या शाळेत परत रुळतात. पाचवी-सहावीनंतर मराठी-हिंदीचं ओझं त्यांना जड जातं. फ्लॅट भाड्याने दिलात तर एक काळजी घ्या. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा असतो. भाडेकरूंना हे माहीत नसतं, एजंट सांगत नाही, आणि नोटीस आल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. करारातच लिहून घ्या. बँकेतली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती, करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. आणि नवऱ्याने २८ सप्टेंबरच्या आत देश सोडला तर त्या आर्थिक वर्षात इथले दिवस १८२ भरत नाहीत, तो अनिवासी ठरतो. त्यानंतर गेला तर जर्मनीतला पगारही त्या वर्षीच्या इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. दोन देशांतल्या करारामुळे कर दुहेरी लागत नाही, पण सीएची फी वाढते.

आता कंसाकडे परत. जाणार असा वा नसा, एक काम या आठवड्यातच करा: तुमच्या कॉलेजातून विषयवार तासांचा तक्ता मागवा, थिअरी किती, प्रॅक्टिकल किती, इंटर्नशिपमध्ये कोणत्या विभागात किती आठवडे, सही-शिक्क्यासह. गुणपत्रिकेवर हे तास नसतात आणि मान्यतेच्या अर्जाचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. मी पाहिलेल्या एका प्रकरणात हा एक कागद मिळायला चार महिने गेले, कारण तो काढून देणारे कारकून मधेच निवृत्त झाले आणि जुनी रजिस्टरं कोणत्या कपाटात आहेत ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमची बॅच आठ-दहा वर्षांपूर्वीची. अर्ज टपालाने पाठवू नका, स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या.